माउन ते कासाने: कुंपणांच्या वाटेवरचा एक दिवस

सकाळी सहाच्या सुमारास आम्ही माउन सोडले. तारीख ३० सप्टेंबर, म्हणजे बोत्सवानाचा स्वातंत्र्यदिन. १९६६ साली याच दिवशी ब्रिटिशांच्या ताब्यातले बेचुआनालँड स्वतंत्र झाले आणि बोत्सवाना हे नाव जगाच्या नकाशावर आले. गाबोरोनमध्ये नोकरीधंद्यासाठी राहणारी आम्ही काही मराठी कुटुंबे आणि सोलापूरहून आलेले आमचे पाहुणे अशी सगळी मंडळी एका कोंबीत बसलो होतो. मिनीबसला इकडे कोंबी म्हणतात. ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश पाहून झाला होता आणि आज रात्रीचा मुक्काम देशाच्या ईशान्य टोकाला, चोबे नदीकाठच्या कासाने गावी होता. माउनपासून पूर्वेला नाटापर्यंत सुमारे तीनशे किलोमीटर आणि तिथून उत्तरेला कासानेपर्यंत आणखी सुमारे तीनशे, असा हा पल्ला आहे.

सहाशे किलोमीटर हा आकडा ऐकून सोलापूरच्या काकांनी मध्ये मुक्काम करण्याची सूचना केली होती. आमच्या चालकांचे मत वेगळे होते. रस्ता सरळ आणि सपाट आहे, वाहने भारताप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात, गावाबाहेर ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, तेव्हा पल्ल्याची काळजी नाही. मात्र सूर्य मावळण्यापूर्वी पोहोचलेच पाहिजे, कारण अंधार पडला की या रस्त्यावर गुरे, गाढवे आणि हत्ती माणसाला दिसत नाहीत, असे त्यांनी आदल्या रात्रीच बजावले होते. चालक पन्नाशीच्या आसपासचे, माउनच्या पंचक्रोशीतलेच. आम्ही मोठी माणसे त्यांना इथल्या रीतीप्रमाणे ‘रा’ म्हणत होतो आणि मुले ‘मालोमे’, म्हणजे मामा. दिवसभरात त्या मामांकडून जे कळले, ते कोणत्याही माहितीपत्रकात सापडले नसते.

या देशाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आहे आणि २०२२ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या अवघी साडेतेवीस लाख. त्यामुळे दोन अभयारण्यांमधला प्रवास पर्यटक बहुधा झोपून काढतात; खिडकीबाहेर तासन्‌तास मोपाने नावाची झुडुपे आणि राखाडी वाळू यांखेरीज काही नाही, असे त्यांना वाटते. मला ते पटत नाही. अभयारण्यात प्राणी दिसतात, पण प्राण्यांसोबत राहणाऱ्या माणसांनी आणि सरकारांनी काय काय निर्णय घेतले, हे रस्त्यावरच दिसते. आजच्या वाटेवर ते निर्णय तारेच्या कुंपणांच्या रूपाने उभे होते.

माउनच्या बाहेर पडताना थामालाकाने नदीत अजून पाणी होते. हे पाणी इथल्या पावसाचे नव्हे. अंगोलाच्या डोंगरांत उन्हाळ्यात पडलेला पाऊस महिनोन्‌महिने वाहत, ओकावांगोच्या लव्हाळ्यांतून झिरपत, इथे ऐन कोरड्या ऋतूत पोहोचतो. थामालाकानेतूनच पुढे बोटेटी नदी फुटते आणि आग्नेयेकडे मखाडिखाडीच्या मिठागरांच्या दिशेने जाते. १९९० च्या दशकाच्या आरंभापासून जवळजवळ दोन दशके बोटेटी कोरडी होती. तिच्या पात्रात उरलेल्या डबक्यांवर एका काठाने गावची गुरे येत आणि दुसऱ्या काठाने मखाडिखाडी उद्यानातले झेब्रे, हत्ती आणि त्यांच्या मागोमाग सिंह. सिंहांनी गुरे मारायची आणि गुराख्यांनी सिंह मारायचे, हे रोजचेच झाले होते. २००४ साली तिथे विजेचे कुंपण घातले गेले. ते सरळ रेषेत नेले असते तर एका बाजूला पाणीच उरले नसते, म्हणून ते पात्रातून कधी या काठाला तर कधी त्या काठाला वळवत नेले, जेणेकरून काही डबकी गुरांच्या वाट्याला यावीत आणि काही वन्य प्राण्यांच्या. पुढे २००९ च्या सुमारास नदी पुन्हा वाहू लागली आणि पाण्याने व हत्तींनी मिळून हे कुंपण जागोजागी निकामी केले. मला ही वाटणी फार विचार करून केलेली वाटते. नदीने ती मोडली म्हणून तिच्यामागचा न्यायबुद्धीचा प्रयत्न कमी ठरत नाही.

तासाभराच्या आतच पहिले फाटक आले. रस्त्याला आडवे, दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत गेलेले उंच दुहेरी कुंपण आणि मध्ये पशुवैद्यक खात्याची चौकी. गाडी थांबली. सगळ्यांनी खाली उतरायचे, जंतुनाशकात भिजवलेल्या पोत्यावर दोन्ही पाय ठेवून चालत जायचे आणि पिशव्यांमधले इतर बूट, चपला, सॅंडल काढून तेही त्याच पोत्यावर दाबायचे, असा इथला नियम आहे. गाडी मात्र रस्त्यातच केलेल्या उथळ, पाण्याने भरलेल्या खळग्यातून हळूहळू पुढे जाते, म्हणजे तिची चाके धुतली जातात. आमच्या काकूंनी सोवळ्यातल्या माणसाच्या काटेकोरपणाने घरातल्या प्रत्येकाची पादत्राणे हुडकून काढली. तरुण कर्मचारी बाईंनी आमची शीतपेटी उघडून पाहिली. तिच्यात ताकाऐवजी पाण्याच्या बाटल्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कोरडी बटाट्याची भाजी होती. कच्चे मांस इथून पुढे नेता येत नाही हे रांनी आधीच सांगून ठेवले होते. आमच्या पुढच्या बक्कीतल्या, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीतल्या कुटुंबाला मात्र ते ठाऊक नसावे. त्यांनी कुरकुर केली नाही. रस्त्याच्या कडेला लाकडे पेटवली, जाळी ठेवली आणि सगळे मांस तिथेच भाजायला घेतले. शिजवलेले मांस नेण्याला हरकत नसते. सकाळी सात वाजता चौकीच्या सावलीत त्यांची न्याहारी चालली होती आणि कर्मचाऱ्यांनाही त्यात वाटा मिळाला.

हे सारे कशासाठी, असे काकांनी विचारले. याचे उत्तर आहे महाराष्ट्रातल्या कुठल्याही शेतकऱ्याला परिचित असलेला एक रोग: लाळ्या-खुरकूत. आफ्रिकेतल्या रानम्हशी या रोगाचे विषाणू स्वतः आजारी न पडता अंगात बाळगतात आणि त्यांच्या सहवासात आलेल्या गाईबैलांना तो होतो. मोठी जनावरे यातून बहुधा वाचतात. पण ज्या भागात हा रोग आहे तिथले मांस श्रीमंत देश विकत घेत नाहीत. हिरे सापडण्यापूर्वी गोमांस हाच या देशाचा मुख्य निर्यातीचा माल होता आणि १९७५ च्या लोमे करारानंतर त्याला युरोपात सवलतीची बाजारपेठ मिळाली. ती टिकवायची तर रानम्हशी आणि गुरे एकमेकांपासून दूर ठेवल्याचे सिद्ध करावे लागते. म्हणून देशाचे विभाग पाडले गेले, विभागांमध्ये कुंपणे आली आणि कुंपणांना अशी फाटके. निर्यातीच्या साखळीत प्रत्येक जनावराचा माग लागावा म्हणून एके काळी इथे गुरांना चिप बसवलेली सिरॅमिकची गोळी गिळायला देत. ती त्यांच्या पोटातच राहत असे. आता त्याऐवजी कानात बिल्ले असतात.

यांतले पहिले मोठे कुंपण कुके येथील, १९५८ सालचे. मध्य कालाहारीच्या राखीव क्षेत्राच्या उत्तर सीमेवर ते आजही आहे. दुष्काळात कालाहारीतले विल्डबीस्ट हे हरणांच्या जातीचे मोठे प्राणी पाण्याच्या शोधात उत्तरेला आणि ईशान्येला जात. कुंपणाने ती वाट तुटली. १९८० च्या दशकाच्या आरंभीच्या दुष्काळात कुंपणाच्या तारेला लागून आणि पाण्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्यांची हजारो जनावरे तहानेने मेली. एका बाजूला गावोगावच्या माणसांची मिळकत, दुसऱ्या बाजूला हे मरण. यांत कोण चूक होते असे विचारून उत्तर मिळत नाही. तरीही एक गोष्ट मला सांगावीशी वाटते. ज्यांच्या ताटासाठी ही तार ओढली गेली ते लोक फार दूर होते आणि त्यांनी कधी ती पाहिलीही नसेल.

फाटक ओलांडल्यावर रा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मोतोपीचा फाटा मागे पडल्यावर त्यांनी आपणहून १९९६ ची हकीकत सांगितली. आदल्या वर्षी नामिबियाच्या बाजूने गुरांमध्ये फुप्फुसांचा एक संसर्गजन्य रोग आला होता. सरकारने आधी कुंपणे घालून तो अडवू पाहिला, ते साधले नाही, तेव्हा या संपूर्ण जिल्ह्यातली सगळी गुरे मारून टाकण्याचा निर्णय झाला. सुमारे ३ लाख २० हजार जनावरे मारली गेली. रांच्या वडिलांचा मोराका, म्हणजे गावापासून दूर रानात असलेला गुरांचा वाडा, बोटेटीच्या अलीकडे होता. तिथली गुरे हाकत नेली गेली तेव्हा रा विशीत होते. भरपाई म्हणून लोकांना काही पैसे आणि काही बदली गुरे मिळाली. “नवी गुरे आली, पण त्यांना आमची पाणवठ्याची वाट ठाऊक नव्हती आणि वडिलांना त्यांची नावे ठाऊक नव्हती,” असे ते म्हणाले. लग्नात वधूच्या घरी द्यायचा बोगाडी गुरांच्या रूपात, अंत्यविधीला कापायचे ते जनावर वाड्यातले, म्हाताऱ्याची पत वाड्यावरून ठरणार. अशा समाजात एका हंगामात एकही गाय न उरणे म्हणजे काय, हे समजून घ्यायला आम्हाला फार कष्ट पडले नाहीत. १९७२ च्या दुष्काळात दावणी मोकळ्या झालेली घरे आमच्या काकांनी लहानपणी पाहिलेली होती. गाडीत काही वेळ कोणीच बोलले नाही.

फुडुहुडूच्या आसपास रस्ता दोन राष्ट्रीय उद्यानांच्या मधून जातो: डावीकडे न्‌खाय पॅन, उजवीकडे मखाडिखाडी. शहामृगांची एक जोडी आणि कोरी बस्टर्ड हा माळढोकाच्या कुळातला भारदस्त पक्षी, एवढेच दिसले. झेब्रे नव्हते आणि असायला नकोतच. पाऊस येईपर्यंत ते बोटेटीच्या काठी असतात. पण त्यांच्याविषयीची एक गोष्ट या रस्त्यावर सांगितलीच पाहिजे. ओकावांगो आणि मखाडिखाडी यांच्या दरम्यान झेब्र्यांचे पूर्वी स्थलांतर होत असे. १९६८ मध्ये त्या वाटेत कुंपण आले आणि ते थांबले. २००४ मध्ये कुंपण काढले आणि काही वर्षांतच संशोधकांनी गळ्यात पट्टे बांधलेल्या झेब्र्या त्याच जुन्या दिशेने, एका बाजूला सुमारे तीनशे किलोमीटर, चालत गेल्याचे नोंदवले. मधल्या छत्तीस वर्षांत झेब्र्यांच्या कितीतरी पिढ्या होऊन गेल्या होत्या. ती वाट पाहिलेले एकही जनावर जिवंत असणे शक्य नव्हते. कदाचित पहिल्या पावसाच्या मागे चालता चालता त्यांना ती पुन्हा सापडली असेल. कुंपण काढणे हाही एक निर्णय असतो आणि तो घालण्याच्या निर्णयाइतकाच फळतो, हे मला या प्रवासात प्रथमच इतक्या ठळकपणे जाणवले.

साडेनऊच्या सुमारास ग्वेटाला पोहोचलो. गावाच्या आजूबाजूला बाओबाबची प्रचंड झाडे आहेत, ज्याला आपण गोरखचिंच म्हणतो. मुंबईत आणि कोकणपट्टीवर आफ्रिकेशी झालेल्या जुन्या व्यापारातून आलेली काही झाडे अजून उभी आहेत. सप्टेंबरअखेर ही झाडे निष्पर्ण असतात, त्यामुळे त्यांचा घेर अधिकच अंगावर येतो. इथून दक्षिणेला मिठागराच्या काठावर चॅपमनचा बाओबाब म्हणून प्रसिद्ध असलेला वृक्ष होता. एकोणिसाव्या शतकातले प्रवासी त्याच्या खुणेने वाट काढत आणि ढोलीत एकमेकांसाठी पत्रे ठेवून जात. जानेवारी २०१६ मध्ये तो कोसळला.

गावात मात्र उत्सव होता. निळे, काळे, पांढरे झेंडे दुकानांवर, गाड्यांवर आणि मुलांच्या हातांत. खोट्लाच्या आवारात, म्हणजे जिथे गावप्रमुखाच्या उपस्थितीत पंचायत बसते त्या मोकळ्या जागेत, खुर्च्या मांडलेल्या, शाळकरी मुलांचे समूहनृत्य चाललेले आणि मागच्या बाजूला तीन पायांच्या काळ्या लोखंडी भांड्यांखाली जाळ. आम्ही दुरूनच पाहत उभे होतो. एका वृद्ध गृहस्थांनी येऊन “दुमेलांग, बो म्मा, दुमेलांग, बो रा” असा रीतसर नमस्कार केला, कुठून आलात ते विचारले आणि स्वातंत्र्यदिनाच्या दिवशी कोणी उपाशी जायचे नसते असे सांगून आम्हाला आत नेले. भांड्यांत सेस्वा होते: नुसत्या मिठात तासन्‌तास शिजवून लाकडी दांड्याने कुटलेले मांस. आमच्यातले बरेच जण शाकाहारी आहेत हे कळल्यावर त्या बायकांनी पालेभाजी आणि बोगोबे वाढले. करड्या रंगाचा घट्ट, जरा आंबूस वासाचा तो गोळा काकूंनी तोंडात घातला आणि लगेच मान वर केली. ज्वारीच होती. पीठ रात्रभर आंबवून केलेली ही पेज आणि सोलापूरकडची ज्वारीची आंबील यांत फरक एवढाच, की इथे ती घट्ट करतात आणि ताक घालत नाहीत. काकूंना सेत्सवाना येत नाही, वाढणाऱ्या बाईंना मराठी येत नाही. तरीही पीठ किती दिवस आंबवता, पाणी उकळल्यावर घालता की आधी, हे सगळे रांच्या मदतीने आणि हातवाऱ्यांनी विचारून झाले. निघताना काकूंनी आपल्याकडची शेंगदाण्याची चटणी त्यांना दिली. या गावात आम्ही ठरवल्यापेक्षा पुष्कळ जास्त थांबलो आणि त्याबद्दल कोणालाच वाईट वाटले नाही.

नाटा हे तिठ्याचे गाव. उजवीकडे फ्रान्सिसटाउन, डावीकडे कासाने. डिझेल भरले, बर्फ घेतला, मुलांनी मगविन्या, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, विकत घेतले आणि आम्ही उत्तरेला वळलो.

नाटाच्या पुढे तासाभराच्या आत न्‌ग्वाशाचे फाटक येते. आम्ही रोगमुक्त विभागातून रानम्हशींच्या विभागाकडे निघालो होतो, त्यामुळे आमच्या सामानाकडे कोणी फारसे पाहिले नाही. समोरून दक्षिणेकडे येणाऱ्या गाड्यांची मात्र रांग लागली होती आणि पोत्यांवर पुन्हा तेच बूट उमटत होते. फाटकाच्या पलीकडे दहा मिनिटांतच बदल जाणवला. सकाळपासून दर गावाआधी रस्त्यावर येणारी गुरे, शेळ्या आणि दोरीने पुढचे पाय बांधलेली गाढवे इथून जवळजवळ नाहीशी झाली. गावेही विरळ झाली. रस्त्याच्या कडेचे मोपाने खांद्याच्या उंचीवर मोडलेले, सालपट निघालेले दिसू लागले आणि हत्तीचे चित्र असलेले पिवळे फलक आले. कुंपणाने नकाशावर ओढलेली रेघ जमिनीवर इतकी स्पष्ट दिसेल असे मला वाटले नव्हते.

बोत्सवानात सुमारे १ लाख ३० हजार हत्ती आहेत. जगात इतके हत्ती दुसऱ्या कोणत्याही देशात नाहीत. या रस्त्याच्या पूर्वेला सिबुयूचे राखीव वन आणि त्यापलीकडे झिंबाब्वेतले ह्वांगे उद्यान. मध्ये आंतरराष्ट्रीय सीमा आहे, पण हत्तींना ती लागू नाही. अंगोला, बोत्सवाना, नामिबिया, झांबिया आणि झिंबाब्वे या पाच देशांनी २०११ मध्ये करार करून ही सगळी जंगले एका सामायिक संवर्धनक्षेत्रात आणली, ती याच कारणाने. दुपारी दोनच्या सुमारास, बाहेर ऊन छत्तीस-सदतीस अंशांचे असावे, रांनी अचानक वेग कमी केला आणि गाडी रस्त्याच्या कडेला न घेता मध्येच, बरीच मागे, थांबवली. आम्हाला काहीच दिसत नव्हते. मिनिटाभराने डावीकडच्या झाडीतून एक मोठी हत्तीण रस्त्यावर आली, सोंड वर करून आमच्या दिशेचा वास घेतला आणि तशीच उभी राहिली. तिच्या मागून बाकीचा कळप आला: मध्यम वयाच्या माद्या, दोन-तीन अर्धवट वाढलेले आणि पायांत अडखळणारे एक अगदी लहान पिलू. कळप पूर्ण पलीकडे गेल्यानंतरच हत्तीण हलली. रांनी इंजिन बंद केले नव्हते आणि मुलांना खिडकीतून बोलूही दिले नाही. मागून एक मालट्रक आला, तोही शांतपणे आमच्यामागे उभा राहिला. भोंगा वाजवण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नसावा.

पाहुण्यांना हा प्रवासातला सर्वोच्च क्षण वाटला आणि तो होताही. रांनी मात्र पुढे गेल्यावर दुसरी बाजू सांगितली. एका रात्रीत उभे पीक आडवे होते, पाण्याच्या टाक्या फुटतात, पहाटे शेताकडे गेलेला माणूस परत येत नाही. शेणात मिरचीपूड मिसळून केलेल्या विटा शेताच्या बांधावर रात्रभर धुमसत ठेवतात. हत्तींना तो धूर सोसवत नाही. २०१४ मध्ये सरकारने शिकारीवर बंदी घातली आणि २०१९ मध्ये ती उठवली, तेव्हा बाहेरच्या जगात फार गहजब झाला. मला स्वतःला शिकार पटत नाही. पण हत्तींचा प्रश्न केवळ दुर्बिणीतून पाहणाऱ्यांनी सोडवायचा नसतो आणि ज्यांचे पीक जाते त्यांना आधी विचारले पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

पांडामाटेंगा जवळ येऊ लागले तशी जमीन बदलली. वाळू संपली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, झाड नाही, झुडूप नाही, अशी नांगरलेली काळी सपाटी सुरू झाली, क्षितिजापर्यंत. काकांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून त्यांनी ढेकूळ उचलले, बोटांनी फोडले, उन्हात भेगाळलेल्या जमिनीच्या एका भेगेत काठी घालून खोली पाहिली. तीच काळी, चिकण, पावसात फुगणारी आणि उन्हात तडकणारी कापसाची माती. कालाहारीच्या वाळूने वेढलेल्या या देशात पांडामाटेंगाचा हा पट्टा कोरडवाहू शेतीसाठी सर्वांत नावाजलेला आहे आणि इथले मोठे पीक ज्वारीच. सकाळी ग्वेटात खाल्लेले बोगोबे कदाचित याच मातीतले असेल. पेरणी पाऊस झाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत होते. काळ्या मातीच्या चिखलात यंत्र रुतणे, पाण्याचा निचरा न होणे, कणसांवर हजारोंच्या थव्याने उतरणारी क्वेलिया पाखरे, या सगळ्या अडचणी काका एकेक विचारत गेले आणि रा एकेक सांगत गेले. गोफणीची चौकशीही झाली. आणि शेतांभोवती पुन्हा कुंपण: या वेळी विजेचे आणि हत्तींसाठी.

या गावाचा इतिहासही आजच्या दिवसाशी विलक्षण जुळतो. १८७० च्या दशकात दक्षिणेकडून हस्तिदंताचे व्यापारी बैलगाड्या घेऊन इथवर येत आणि इथेच थांबत. पुढे झांबेझीच्या खोऱ्यात त्सेत्से माशी होती. ती चावली की बैल मरत. म्हणून गाड्या आणि बैल पांडामाटेंगाला ठेवायचे आणि पुढची वाट पायी, हमालांच्या डोक्यावर माल देऊन काढायची. जॉर्ज वेस्टबीच या व्यापाऱ्याचे ठाणे इथे होते. त्या जुन्या शिकारी वाटेलाच लागून आज बोत्सवाना आणि झिंबाब्वे यांची सीमा जाते. तार आणि फाटके येण्यापूर्वीही गुरांचा मुलूख आणि रानाचा मुलूख यांच्यात सीमा होतीच. ती एका माशीने आखली होती.

पुढचे शंभर किलोमीटर जंगलातून गेले आणि चारनंतर काझुंगुला आले. इथे चोबे नदी झांबेझीला मिळते आणि बोत्सवाना, झांबिया, झिंबाब्वे व नामिबिया हे चार देश जवळजवळ एका ठिकाणी येतात. बोत्सवाना आणि झांबिया यांची सामायिक सीमा इथे जेमतेम दीडशे मीटरच्या आसपास आहे. पूर्वी मालट्रकांना तराफ्यावरून नदी ओलांडण्यासाठी दिवसच्या दिवस रांगेत काढावे लागत. मे २०२१ मध्ये ९२३ मीटर लांबीचा पूल खुला झाला. झिंबाब्वेच्या हद्दीला स्पर्श होऊ नये म्हणून तो नदीवर वळण घेत बांधला आहे. आम्ही तो दुरूनच पाहिला आणि डावीकडे कासानेला वळलो.

गावात शिरताना रानडुकरांचे एक कुटुंब पेट्रोल पंपाच्या हिरवळीवर गुडघे टेकून चरत होते आणि कोणाचे तिकडे लक्षही नव्हते. सूर्य मावळायला अजून तासभर होता, म्हणून सामान खोल्यांत टाकून सगळे नदीकाठी गेलो. समोर सेडुडू बेट होते: सपाट, गवताळ. हे बेट बोत्सवानाचे की नामिबियाचे हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता आणि डिसेंबर १९९९ मध्ये निकाल बोत्सवानाच्या बाजूने लागला. बेटावर रानम्हशी चरत होत्या, दोनशेच्या वर असाव्यात. अंगावर चिखल, पाठीवर पांढरे बगळे. सकाळपासून ज्यांच्यामुळे आम्ही पोत्यांवरून चालत होतो त्या याच. आणि त्यांच्या पलीकडे, नदीच्या दुसऱ्या फाट्यापल्याड नामिबियाच्या पूरमैदानावर, गावातल्या माणसांची गुरे तितक्याच निवांतपणे चरत होती. मध्ये फक्त पाणी, आणि रानम्हशी उत्तम पोहतात. मुलांनी मालोमेंना विचारले, की इथे कुंपण का नाही. ते म्हणाले, की या भागातले मांस तसेही दक्षिणेला जात नाही, म्हणून इथे अडवायचे ते न्‌ग्वाशाला अडवतात. मग थोडे थांबून त्यांनी असेही सांगितले, की त्यांची स्वतःची गुरे आता चाळीसच्या घरात आहेत, वडिलांच्या जुन्या मोराकावरच, आणि धाकटा मुलगा ती पाहतो.

रात्री जेवणानंतर उद्याचे ठरले. सकाळी सातला निघून पुलावरून झांबियात जायचे आणि दुपारपर्यंत लिव्हिंगस्टनला, व्हिक्टोरिया धबधब्यापाशी पोहोचायचे. पासपोर्ट आणि पिवळ्या तापाच्या लसीचे दाखले सगळ्यांनी वरच्या पिशवीत काढून ठेवले आणि काकूंनी उद्यासाठी दशम्यांचे पीठ मळायला घेतले.